रेडकर सरांची रेघ

फेब्रुवारीतला पहिला रविवार, सकाळी साडेनऊची वेळ. रक्कम अठराशे रुपये, चित्रकलेच्या क्लासची तीन महिन्यांची फी. हजर तिघे: मी, माझी बायको नीलिमा आणि रेडकर सर. जागा लालबागला आमच्या मागच्या गल्लीतल्या वाचनालयाचा वरचा हॉल. पैसे मी मोजून दिले आणि पावती मागितली.

"पावती होय? मिळेल की," सर म्हणाले. टेबलाच्या खणातून त्यांनी पावतीपुस्तक काढलं, नीलिमापुढे सरकवलं आणि म्हणाले, "बाय, तूच लिही. अक्षर कसं आहे तेही कळेल."

तिने आपल्याच नावाची पावती आपल्याच हाताने लिहिली. सरांनी शर्टाच्या खिशातून सहीचा रबरी शिक्का काढला आणि खाली दाबला. मी एका खाजगी कंपनीत हिशेब खात्यात आहे. पैसे देणाऱ्यानेच पावती लिहायची, हा प्रकार मी माझ्या नोकरीत कधी पाहिला नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे, या माणसाने माझ्या बायकोला पहिल्या पाच मिनिटांत 'बाय' केलं होतं.

रेडकर सरांबद्दल लिहायचं तर मला हे आधीच सांगायला हवं की ते मला आवडत नव्हते. त्यांची पूर्ण जीवनकथा मला ठाऊक नाही आणि ती मी विचारलीही नाही. एका शाळेत बरीच वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते, बायको वारली होती, मूळ गाव कुडाळकडचं, आणि अँटॉप हिलला पुतण्याच्या घरी राहायचे. एवढी माहिती मला पुरेशी होती.

सत्तरीचा माणूस, पण केस काळेभोर. काळे केलेले, कारण भांगाच्या जागी पांढरं उगवलेलं दिसायचं. बुशशर्ट फुलाफुलांचे. आवाज असा की खाली रस्त्यावर ऐकू जावा. चहा अर्धाच कप घ्यायचे, डाव्या हाताने. मग पुन्हा अर्धा कप. आणि उजवा हात कायम पँटच्या खिशात. कोणीतरी फोटो काढणार आहे अशा थाटात ते उभे राहायचे. मला तो रुबाब वाटे.

त्या पहिल्या दिवशी त्यांनी कागदावर दोन टिंबं काढायला सांगितली, तीही नीलिमालाच, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. "आता ह्या टिंबावरून त्या टिंबावर जा. पेन्सिलकडे बघू नको. जायचंय तिथे बघ."

नीलिमाने रेघ काढली. ती वाटेत तीनदा वाकली.

मी म्हटलं, "पट्टी घे ना."

सर माझ्याकडे वळले. "फी पट्टीने भरलीय का हो?" मग कागद उचलून खिडकीच्या उजेडात धरला. "रेघ घाबरलीय बघ. घरी कोण ओरडतं काय गो?"

नीलिमा मान मागे टाकून हसली. ते हसणं मी आमच्या मुलाच्या, अमेयच्या, लहानपणी ऐकलं होतं, तो पहिल्यांदा घसरगुंडीवरून उलटा उतरला तेव्हा. अमेय आता बंगलोरला नोकरी करतो.

मी तिला नवीन खोडरबर घेऊन दिलं होतं. सरांनी ते कंपासपेटीतून उचललं आणि बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. आत आणखी सात-आठ खोडरबरं होती. "ही सगळी इथे जमा. क्लास संपला की परत. रेघ चुकली की खोडायची नाही. तिच्या शेजारी दुसरी काढायची. पहिली तिथेच राहू दे, साक्षीदार म्हणून."

जिना उतरताना मी म्हणालो, "माणूस व्यवहारात ढिला दिसतो."

"तुम्हाला शिकायचं नाहीये ना? मग झालं," नीलिमा म्हणाली.

नीलिमाने हा क्लास का लावला, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ती परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर असते. तिने इतकंच सांगितलं होतं की तिला शाळेपासून सरळ रेघ काढता येत नाही आणि आता यायला हवी. सरळ रेघेसाठी जगात पट्टी आहे आणि ती दहा रुपयांना मिळते, असं माझं मत होतं. ते मी बोलून दाखवलं.

मग घरात सराव सुरू झाला. रात्रीची जेवणं झाली की टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि त्यांच्यावर रेघा. आडव्या, उभ्या, तिरप्या. रेघा झाल्या की गोल. गोल झाले की लंबट गोल, एकाला एक चिकटून, पानभर. प्रत्येक रेघ आधी हवेत काढायची, दोनदा-तीनदा हात फिरवायचा आणि मग न थांबता कागदावर उतरायचं. बोटं नाही, मनगट नाही, हात खांद्यातून हलला पाहिजे.

"सर म्हणतात, बोटांनी काढली की रेघ बोटाएवढीच होते," ती म्हणायची.

खांद्यातून हात हलवताना तिने आमटीची वाटी माझ्या पायजम्यावर उलटवली. गॅससमोर उभी राहून पळीने ती हवेत गोल काढायची. घावणे एकदम गोल व्हायला लागले, हे मान्य करायला हवं. आधी ते कोकणच्या नकाशासारखे व्हायचे. कुकरकडे बोट दाखवून म्हणायची, "हे नळकांडं. झाकण म्हणजे अर्धा चेंडू. सर म्हणतात, काहीही काढायचं असलं तरी आधी त्याच्यातला ठोकळा, नळकांडं नाहीतर चेंडू शोधायचा."

"आणि मी काय?" मी विचारलं.

तिने क्षणभर बघितलं. "तुम्ही ठोकळा."

'सर म्हणतात' हे शब्द दिवसातून किती वेळा येतात हे मी सुरुवातीला मोजत होतो. पुढे सोडून दिलं, आणि मोजणं सोडणारा माणूस मी नव्हे.

मार्चमधल्या एका संध्याकाळी मी ऑफिसमधून आलो तर ती स्वयंपाकघरात स्टीलच्या पेल्यासमोर बसलेली. मान वाकडी, एक डोळा मिटलेला. मी बूट काढले, हातपाय धुतले, कपडे बदलले, तरी ती तशीच.

"काय बघतेस?"

"तोंड," ती म्हणाली. "पेल्याचं तोंड गोल आहे ना, पण दिसतंय लांबट. खाली वाकलं की अजून चपटं होतं. इतकी वर्षं मी ते गोलच समजून बघत होते हो. म्हणजे बघतच नव्हते."

असं तिने माझ्याकडे चोवीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. लग्नाआधी बघायच्या कार्यक्रमातही नाही, तेव्हा तिची नजर पोह्यांच्या बशीवर होती. मला त्या पेल्याचा हेवा वाटला. पण पेल्यावर राग धरता येत नाही, म्हणून मी तो सरांवर धरला.

एप्रिलपासून मी दर रविवारी तिच्याबरोबर क्लासला जायला लागलो. कारण तयार होतं. वाचनालयाच्या खाली मसाला कुटायचा डंक आहे. एप्रिल-मे म्हणजे वर्षाचा मसाला करून घ्यायचा काळ. सुक्या मिरच्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग थेट जिन्यावर चढते. त्यातून चित्राचा बोर्ड वर न्यायचा तर कोणीतरी माणूस हवा. बोर्ड वर नेला की मी मागच्या बाकावर पेपर घेऊन बसायचो. पेपर वाचायचो नाही.

क्लासमध्ये आठ जण होते. मला त्यांतली एकच लक्षात आहे, सायली नावाची दातांची तरुण डॉक्टर. ती मोठ्याने बोलायची. खालून मिरचीचा खकाणा वर यायचा आणि सगळा क्लास शिंकायचा. सरांचा आवाज त्याच्याही वर. "शिंक आली की हात उचला! रेघेला सर्दी नको!" एकदा सायलीची रेघ शिंकेने कागदाबाहेर गेली. सर म्हणाले, "वा! आजची पहिली जिवंत रेघ. हिच्यावर तारीख घाला."

सर फिरायचे, उजवा हात खिशात घालून. कोणाच्या मागे थांबून म्हणायचे, "ही रेघ तू काढलीस की तुझ्या मास्तराने? कोणाला खूश करायला काढतोस?" एखाद्याने पेन्सिल घट्ट धरली की, "सोड तिला, पळून नाही जायची." कोणी म्हटलं, "सर, माझा गोल जमत नाही," की लगेच, "कालचा दाखव. कालचा याच्याहून वाईट होता ना? मग रडतोस कित्याक?" चांगलं झालं की काही बोलायचे नाहीत. फक्त डोळे मिटायचे, जिभेवर गोड काही ठेवल्यासारखे.

आणि काहीही समजावून सांगायचं झालं की ठरलेली हाक, "बाय, फळ्यावर ये."

दर वेळी नीलिमाच. आठ जणांत दुसरं कोणी नाही. ती खडू घेऊन फळ्यासमोर उभी, सर तिच्या मागे दोन हातांवर. "आधी हवेत. अजून एकदा. खांदा, खांदा. आता सोड. सोड, थांबू नको, थांबू नको... हां!"

तिने एका दमात फळ्यावर परातीएवढा गोल काढला. सुरुवात आणि शेवट एकमेकांना मिळाले. मी मागून बघत होतो आणि मला खोट काढायची होती, तरीही सांगतो, गोल बरोबर होता. क्लासने टाळ्या वाजवल्या. सरांनी डोळे मिटले. आणि नीलिमा गोलाकडे बघत नव्हती, ती सरांच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत होती.

घावणेही जायला लागले. दर रविवारी एक डबा, चटणीसकट. सर तिथे कधीच खायचे नाहीत. डबा पिशवीत ठेवायचे. "घरी जाऊन निवांत खातो." म्हणजे माझे रविवारचे घावणे अँटॉप हिलला जात होते आणि डबा पुढच्या रविवारी धुऊन परत येत होता. "पुतण्याची बायको तारीफ करत होती," असं सर म्हणायचे. पुतण्याच्या बायकोपर्यंत जाण्याइतके ते होते, पण मला दोनच मिळायचे.

मे महिन्यात आणखी अठराशे भरले. पावती पुन्हा नीलिमानेच लिहिली.

मेच्या शेवटी माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि ती आली तेव्हा मला झालेला आनंद मी इथे लपवत नाही. हा माणूस स्वतः कधीही रेघ काढत नाही. फळ्यावर नाही, कोणाच्या कागदावर नाही. दुरुस्ती करायची तरी मागे उभं राहून हवेत हात फिरवायचा आणि 'असं' म्हणायचं. चित्रकलेचा मास्तर, आणि इतक्या रविवारांत कागदाला पेन्सिल लागली नव्हती. हिशेब तपासताना एखादी रक्कम कुठेच जुळत नसली की मला जसं होतं, तसं झालं. मी हे लगेच बोललो नाही. जेवायच्या वेळेसाठी राखून ठेवलं.

दुपारी पानात भात पडला, सोलकढी आली. मी म्हटलं, "तुझ्या सरांना चित्र काढता येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, काढलेलं मी अजून पाहिलं नाही. एक रेघही नाही. तू पाहिलीस?"

ती भात कालवत राहिली. "नाही."

"मग?"

"त्यांचा हात थरथरतो," ती म्हणाली. "पेन, चमचा, कप, असं लहान काही धरलं की जास्त. हात मोठा फिरला की कमी. म्हणून हवेत दाखवतात. पावती मी का लिहिली असं वाटलं तुम्हाला?"

अर्धा कप चहा, खिशातला हात, सहीचा शिक्का, न उघडलेला डबा, सगळं माझ्यासमोरच झालं होतं. त्यातला गैरव्यवहार मी टिपला होता, त्यामागचं कारण टिपलं नव्हतं.

"क्लासला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. मला कळलंय हे मी त्यांनाही सांगितलेलं नाही. काउंटरवर दिवसभर लोकांच्या सह्या घेते हो मी. हात कळतो मला. ते म्हणतात बाय ये, मी जाते."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही म्हणाला असता, मग फी पूर्ण कशाची घेतात."

मी सोलकढी प्यायलो. मी नेमकं तेच म्हणणार होतो.

यानंतर माझी जळजळ संपली असं कोणाला वाटेल. संपली नाही. वाढली. तोपर्यंत मला वाटत होतं की सर तिला काही देतात आणि ती घेते. आता कळलं की तीही देत होती. तिने आपला हात त्या माणसाला वापरायला दिला होता आणि याबद्दल दोघांत एक शब्दही झाला नव्हता. आमच्या घरात गॅसचा सिलेंडर संपला तरी आम्ही त्यावर पाव तास बोलतो.

जुलैतल्या एका रविवारी सर आल्या आल्या म्हणाले, "आज माणूस. ठोकळे जोडून माणूस." मॉडेल म्हणून बसायला वाचनालयाचा शिपाई येणार होता. तो आला नाही. सरांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती मागच्या बाकावर थांबली.

"ओ सावंत, पेपर ठेवा. पुढे या."

"मी कशाला?"

"तुम्ही हलत नाही. एवढे महिने बघतोय. पानसुद्धा उलटत नाही तुमचं."

क्लास हसला. मी स्टुलावर जाऊन बसलो. सर डाव्या हाताने माझ्यावरून रेघा मारल्यासारखे बोलू लागले. "डोकं, ठोकळा. छाती, मोठा ठोकळा. कंबर, त्याच्याखाली ठेवलेला आडवा ठोकळा. हात म्हणजे नळकांडी. यांच्यात फार शोधायला लागणार नाही, देवानेच अर्धं काम करून ठेवलंय."

नीलिमा माझ्या अगदी समोर होती. सुरुवातीला तिने पेन्सिल हात लांब करून धरली, एक डोळा मिटला आणि माझं माप घेतलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि नुसती बघू लागली. पेल्याकडे बघायची तसं. कपाळावरून खाली, कानावरून मानेवर, मानेवरून खांद्यावर. त्या नजरेसाठी मी मार्चपासून कुढत होतो. आता ती पूर्णच्या पूर्ण माझ्यावर होती आणि मला कुठे बघावं कळेना. तिच्याकडे बघवेना. म्हणून सवयीने मी दुसरीकडे बघितलं आणि तिथेच बघत राहिलो.

वेळ संपल्यावर सगळे कागद भिंतीवरच्या बोर्डाला टाचण्यांनी लावले. सात कागदांत मी कपाट होतो. आठव्यात मी होतो. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली, ऑफिसची बॅग लावून लावून झालेला. मला तो माहीत नव्हता. हनुवटी आत ओढलेली. ओठ मिटलेले, काही बोलायचं राखून ठेवल्यासारखे. आणि डोळे. बुबुळं पार कोपऱ्यात गेलेली. मान सरळ ठेवून चोरून बघणाऱ्या माणसाचे डोळे.

"काका असे कोणाकडे बघतायत?" सायलीने विचारलं.

सर कागदाजवळ गेले, वाकले. मग स्टूल कुठे होतं ते पाहिलं आणि चालत चालत खिडकीपाशी, मघा ते उभे होते तिथे, जाऊन उभे राहिले.

"माझ्याकडे," ते म्हणाले.

क्लास हसला. सर हसले नाहीत. नीलिमाही नाही. माझे कान तापले. मी तिच्या शेजारी जाऊन हळू आवाजात म्हटलं, "डोळे तेवढे सरळ कर."

"खोडरबर डब्यात आहे," ती म्हणाली.

सगळे पेन्सिली आवरत असताना सर माझ्याजवळ आले. "मॉडेलचे तीनशे रुपये झाले तुमचे."

"मला नकोत."

"नकोत कसे? बसलात, पैसे घ्यायचे. नियम आहे." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्याकडे इतकं बघून कोणी काढलं नसेल कधी. रुसू नका."

आम्ही जिना उतरून रस्त्याला लागलो. डंक बंद होता, पायऱ्यांवर लाल भुकटी तेवढी होती.

"मी असा बघतो?" मी विचारलं.

"एप्रिलपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काढलं ना," नीलिमा म्हणाली.

ते चित्र तिने घरी आणलं आणि फ्रिजच्या बाजूला लावलं. पाणी प्यायला गेलो की मी मला तिथे भेटतो, आणि दर वेळी वाटतं की आपण सरांना पुन्हा चोरून बघताना सापडलो.

गणपती जवळ आले तसा क्लास बंद झाला. शेवटच्या रविवारी सरांनी सांगितलं, "गावी जातोय. घराची डागडुजी आहे, वेळ लागेल." त्यांनी पत्र्याचा डबा उघडून ज्याची त्याची खोडरबरं परत केली. नीलिमाने आपलं घेतलं नाही. सर एवढंच म्हणाले, "बरा."

ते परत येणार नाहीत, हे तिला कळलं होतं. घरी येऊन म्हणाली, "शर्टाची बटणं आता पुतण्या लावून देतो वाटतं. वरचं चुकलं होतं, ते त्यांना सुधारताही आलं नाही."

त्यांची बस परळहून संध्याकाळी होती. गणपतीला गावी निघालेल्यांची गर्दी, फुटपाथवर पोती, खोकी, मखराचं सामान, ड्रायव्हरशी भांडणारे लोक. नीलिमाला जायचं होतं, आणि ती जाणार म्हणजे मी जाणारच. सर खिडकीत बसले होते, फुलाफुलांचा शर्ट, केसांना ताजा काळा रंग. पुतण्या सामान चढवून खाली उतरला होता.

नीलिमाने खिडकीतून डबा दिला. "घावणे आहेत. बसमध्ये खाऊ नका. बस हलते."

सर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होय गो. बसच हलता."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं की तिला माहीत आहे. कधीपासून, ते मला कळलं नाही. त्या दोघांच्या हिशेबात मला कधीच काही दाखवलं गेलं नाही.

मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे केलं. "सावंत, तुमचं राहिलं होतं."

मी घेतलं. बस सुरू झाली. गर्दीतून ती इतकी हळू निघाली की आम्हाला दोन पावलं तिच्याबरोबर चालता आलं. सरांनी उजवा हात खिडकीबाहेर काढला. तो मी इतका वेळ खिशाबाहेर पहिल्यांदाच पाहत होतो. बारीक हात, बोटं लांब, नुसता धरला तेव्हा पानासारखा हलत होता. त्यांनी तो खांद्यातून उचलला आणि हवेत एक मोठा गोल काढला. हात फिरत होता तोवर थरथर नव्हती. गोल जिथे सुरू झाला तिथेच संपला, मी नीट पाहिलं. फुटपाथवर नीलिमाने आपला हात उचलून तसाच गोल काढला. तिची पर्स माझ्या हनुवटीवर बसली. तिच्या ते लक्षातही आलं नाही. बस वळेपर्यंत ती बसकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

घरी येऊन मी पाकीट टेबलावर ठेवलं. आत शंभराच्या तीन नोटा होत्या. बाहेर माझं नाव, 'श्री. सावंत', बारीक, मुंग्यांसारख्या अक्षरांत. शिक्का नव्हता. नावाखाली पेन्सिलीची एक रेघ होती, पाकिटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही बाजूंना टिंबं होती. रेघ पहिल्या टिंबापासून थरथरत निघाली होती आणि शेवटपर्यंत थरथरतच गेली होती, पण दुसऱ्या टिंबावर पोचली होती. कुठे खोडलेलं नव्हतं. शेजारी दुसरी रेघही नव्हती.

नीलिमाने पाकीट उजेडात धरून बघितलं, बराच वेळ. फेब्रुवारीपासून तिने त्या माणसासाठी फळ्यावर किती रेघा काढल्या असतील. त्यांची स्वतःची एकही रेघ तिला मिळाली नव्हती.

"हे मला द्या," ती म्हणाली.

मॉडेलचे तीनशे रुपये, एका बैठकीचे. दिले रेडकर सरांनी, मिळाले मला. नोटा मी तिच्या हातात ठेवल्या. पाकीट दिलं नाही.